मधला गोल

वृषाली भिंगारदिवेला राग आला की ती बोलायची कमी आणि पेन्सिलीला टोक जास्त करायची. त्या सकाळी चिंचखांडच्या ग्रामपंचायतीत तिच्याजवळ पेन्सिल नव्हती, आणि ही अडचण एकट्या तिची राहिली नाही.

तिसगाव ओलांडून पुढे गेलं की डांबर संपतं तिथे चिंचखांड सुरू होतं. बौद्धवस्तीतल्या कचरू भिंगारदिव्यांची ही थोरली लेक. पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती, आणि डॉ. टेंबे तिचे गाइड होते. रक्तातल्या खुणांवरून गावातले निरनिराळे समाज एकमेकांना किती जवळचे, किती लांबचे, हे शोधायचं, असा विषय. असा विषय घेऊन स्वतःच्याच गावात येणाऱ्या माणसाला हुशार म्हणायचं की काय म्हणायचं, यावर गावात दोन मतं होती. गावात कशावरही दोन मतं असतात, आणि ती राहायलाही दोन निरनिराळ्या आळ्यांत असतात.

गेल्या उन्हाळ्यात ती घरोघर फिरून रक्त घेऊन गेली होती. त्यासाठी ती रक्त काढायला रीतसर शिकली होती. सगळ्यात आधी बाही वर केली ती सरपंच श्रीमंतरावांनी. कारण असं होतं, की त्यांच्या घरी दरसाल येणाऱ्या भाटाने सांगितलं होतं, तुमचा मूळ पुरुष उत्तरेकडून तलवार घेऊन आला. घोड्यावर आला. घोड्याचा रंगसुद्धा भाटाला ठाऊक होता. आता यावर पुण्याच्या शास्त्राचा शिक्का बसला, की कारखान्याच्या संचालक मंडळातल्या काही लोकांची तोंडं बंद होणार होती.

“अण्णा,” वृषालीने तेव्हाच सांगितलं होतं, “मी बघणार ते आईकडून येतं. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. बापाचं यात काही दिसत नाही.”

“बरं बरं,” श्रीमंतराव म्हणाले. बायका बारशाच्या घुगऱ्यांबद्दल बोलत असताना पुरुष ज्या सुरात बरं बरं म्हणतात, त्याच सुरात. मग मुद्दाम बोलावलेल्या फोटोग्राफरला म्हणाले, “मिशी येऊ दे फोटूत.”

वर्ष गेलं आणि एकोणीसशे नव्व्याण्णवच्या भाद्रपदात वृषाली चित्र घेऊन आली. रक्त घेताना तिने घरोघर शब्द दिला होता, की काय निघालं ते आधी तुम्हाला दाखवीन. टेंबेसरही जीपमधून आले. चित्र म्हणजे एक भला मोठा ड्रॉइंग पेपर, त्यावर लहानमोठे गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रंगांसाठी तिने फार डोकं खाजवलं होतं. भगवा घ्यावा तर एकाचा, निळा घ्यावा तर आपलाच, हिरवा घ्यावा तर तिसऱ्याचा. दुकानातले सगळे चांगले रंग आधीच कुणा ना कुणाच्या मालकीचे निघाले. शेवटी तिने पाटील आळीला चॉकलेटी आणि बौद्धवस्तीला गुलाबी दिला. त्यावरही “आमी काय बायकी हाये का?” असं एकाने मागून विचारलंच.

“हे बघा,” ती समजावू लागली. “आईकडून येणाऱ्या त्या तुकड्यात अक्षरांची एक ओळ असते असं समजा. ज्यांची ओळ अक्षरन् अक्षर जुळली, ते सगळे एका गोलात. माणसं जास्त, तर गोल मोठा. एखाद्याचं एक अक्षर वेगळं निघालं, तर त्याचा गोल शेजारी, मध्ये रेघ आणि रेघेवर एक आडवी खूण. चार अक्षरं वेगळी, तर चार खुणा. आणि गोलाच्या आत भाकरीचे चतकोर केल्यासारखे रंग आहेत, ते कोणत्या आळीतले किती, हे सांगायला.”

लोकांनी मान डोलावली आणि चित्र आपल्या पद्धतीने वाचलं. मध्ये बसतो तो मोठा, कडेला बसतो तो लहान. सभा, लग्नाची पंगत, कारखान्याची बैठक, सगळीकडे हेच, तर इथे वेगळं कशाला असेल?

“मधला मोठा आमचाच आसंल,” श्रीमंतराव म्हणाले.

ज्याचं त्याने विचारलं तर त्याला तेवढं सांगायचं, असं ठरलेलं होतं. फक्त गावात कानात विचारायची रीत नव्हती. “हो अण्णा. तुम्ही मधल्याच गोलात आहात.”

श्रीमंतरावांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा आला. लोक बशीत ओतून फुंकर घालू लागले, एवढ्यात दाराजवळून साळूबाईने तोंड उघडलं. साळूबाई वृषालीच्या घराशेजारची, खुरपणीच्या टोळीची मुकादम, आणि तिला हळू बोलता येत नसे.

“आन मी कुठं हाय गं?”

“तू पण त्यातच, साळूमावशी. मधल्या गोलात.”

फुंकर थांबली. त्या गोलात गुलाबी चतकोर पहिल्यापासून होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण रंग म्हणजे रंग. त्याला साळूबाईचं तोंड फुटल्यावर मात्र लोकांना तो दिसला.

श्रीमंतराव उठले आणि टेंबेसरांना आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. बाहेर चहावर साय धरली. सर बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

“तांत्रिकदृष्ट्या,” सर म्हणाले, “सरपंचसाहेबांच्या नमुन्यात कंटॅमिनेशनची शक्यता नाकारता येत नाही.”

“म्हंजी काय, ते मराठीत सांगा लोकास्नी,” श्रीमंतराव म्हणाले.

“म्हणजे नमुना हाताळणाऱ्याचा अंश नमुन्यात मिसळणं.”

“म्हंजी हिचा हात लागला आन बिगाडलं,” श्रीमंतरावांनी आणखी सोप्या मराठीत सांगितलं.

गोल, रेघा आणि आडव्या खुणा समजावताना वृषालीचा घसा कोरडा पडला होता. हे मात्र कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. या विषयाचा अभ्यास गावाने कित्येक पिढ्या केलेला होता.

पेन्सिल नव्हती. तिने चित्रावर बोट ठेवलं, कागदाच्या अगदी डावीकडे, एका बारक्या गोलावर.

“हा माझा गोल,” ती म्हणाली. “नमुन्यांना हात लावणाऱ्याने स्वतःचं रक्तही तपासायचं, असा नियम आहे. सरांनीच शिकवला. माझ्या आईचं माहेर काष्टीचं. मधल्या गोलापासून इथपर्यंत पाच खुणा आहेत, या मोजून बघा. अण्णा, माझा हात लागून तुम्ही बिघडला असतात तर इकडे आला असतात. साळूमावशीच्या गोलात कसे गेलात? आणि सर, दर खेपेला आपण एक नळी नुसत्या पाण्याची लावतो. काही मिसळत असेल तर त्या नळीत दिसतं. त्या नळीत काही दिसलं होतं का?”

“तसं... नाही,” सर म्हणाले.

“काष्टीला गेलं असतं व्हय अण्णा!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसला तो एकटाच.

“मग नळ्यांची अदलाबदल झाली असेल,” सर म्हणाले. आधीचं कारण गळून पडलं होतं, आणि त्यांनी ते उचलायलाही न थांबता दुसरं काढलं. वृषालीला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. श्रीमंतरावांचं तिला नवल नव्हतं. त्यांना ती लहानपणापासून ओळखत होती. पण पाण्याच्या नळीचं महत्त्व या माणसाने तिला शिकवलं होतं, एकदा तिच्याकडून सबंध खेप पुन्हा करून घेतली होती, आणि तेव्हा तिला वाटलं होतं, या प्रयोगशाळेत तरी माणसाला नळीपेक्षा जास्त किंमत नाही, हे किती बरं आहे.

जेवणाआधी सरांनी तिला शाळेच्या मागे गाठलं.

“त्यांचा एकच नमुना आहे गं. वगळला तर चित्र काही मोडत नाही. पुढच्या टप्प्यात आपल्याला आणखी बारा गावं करायची आहेत, आणि त्या बारा गावांत यांच्या शब्दाशिवाय कुणी बाही वर करणार नाही.”

“वगळायचं कारण काय लिहायचं, सर?”

“तांत्रिक.”

“माझ्या नावावर तांत्रिक चूक.”

“असं बघू नकोस.”

“मग कसं बघू? तुम्ही सांगा, तसं बघते.”

सरांनी घड्याळ पाहिलं. सरपंचांच्या घरी पुरणपोळी होती.

घरी आली तर तिथेही गारवा नव्हता. आई कलाबाई चुलीशी बसून म्हणाली, “एक गोल काढून टाकल्यानं काय आभाळ कोसळतंय का? शिकून घे आधी. मंग भांड.”

“आई, ते मला विटाळ म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, एवढाच फरक.”

कलाबाईचा हात पिठात थांबला. मग तिने भाकरी इतक्या जोराने थापली की शेजारून साळूबाई विचारायला आली.

विचारायला आली आणि स्वतःचीच फिर्याद मांडून बसली. “तू त्याला काडू नगं, मला काड. मला न्हाई ऱ्हायचं त्येच्या संगं येका गोलात. जल्मभर त्याच्या बांधाला वरडून घेतलं, आता तितं बी अंगावर वरडंल.”

“मावशी, असं कुणाला काढता येत नाही.”

“मंग घातलं कुनी? मला इचारलं हुतं का? निस्तं रगत द्यायचं म्हनली हुतीस.”

वृषालीला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला.

तिकडे श्रीमंतरावांच्या नव्या स्लॅबच्या घरात पुरणपोळी चालली होती, आणि राहीबाई आतून ऐकत होत्या. राहीबाई श्रीमंतरावांच्या आई. वय ऐंशीच्या घरात, ऐकू कमी येतं अशी सुनांची समजूत. ही समजूत राहीबाईंनी बरीच वर्षं जपलेली होती. “ते रगतच माजं न्हाई,” असं मुलाने पाहुण्यांना तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्या काठी टेकत बाहेर आल्या.

“रगत आयकडनं येतं म्हनलास ना मगा?”

“आई, तू आत जा. तुला न्हाई समजायचं.”

“तुझं न्हाई म्हनतोस, मंग तुला इयाली कोन? मी का दुसरी कोन?”

टेंबेसरांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाईंनी वृषालीला बोलावणं धाडलं. ती गेली, ती रागातच. अंगणात पाऊल टाकलं तर राहीबाई ओसरीवर बाजेवर बसलेल्या, चोळीची बाही कोपराच्या वर चढवलेली. समोर खुर्चीत सर होते, खांबाला टेकून श्रीमंतराव उभे होते.

“काड,” राहीबाई म्हणाल्या. “कवाचं ऱ्हायलंय.”

“आई, लोकं हसत्याल,” श्रीमंतराव म्हणाले.

“हसू दे. अरं, साठ वर्सं झाली मला ह्या घरात यिवून. दर साली भाट येतो, वरनं खालपत्तुर बाप्यांची नावं वाचतो, धोतरजोडी घिवून जातो. माझ्या आयचं नाव येकदा तरी वाचलं का त्यानं? ती घोडेगावची. जनावराच्या बाजारात पानी पाजायची लोकास्नी. तिची आय कुठली, तिची आय कुठली, कुनी इचारलं बी न्हाई. ह्या पोरीच्या चित्रात त्या समद्या हाईत म्हनत्यात. तवा लोकांत तुझं हसू हुतंय म्हनून तिला बी पुसायला निगालास व्हय रं?”

श्रीमंतराव खांबाकडे बघू लागले. खांब नवा होता, ग्रॅनाइटचा, त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता.

वृषालीने पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही.

“आजी, मी काढणार नाही. सर काढतील. नळ्या सर बंद करतील, पुण्याला सरांचा दुसरा विद्यार्थी, योगेश, तपासेल. माझा कशालाही हात लागणार नाही. मग उद्या कुणाला काही बोलायला जागा नको.”

आणि ती ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात, गोठ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. हात पाठीमागे बांधून.

सरांनी कित्येक वर्षांत रक्त काढलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या हाताखाली काढणारी माणसं असतात. त्यांनी रबरी नळी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. सुई घातली, काही आलं नाही. दुसरीकडे घातली.

“अवं, रगत काडताय का गोधडी शिवताय?” राहीबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला रक्त आलं. सरांच्या कपाळावरचा घाम बाजेवर पडला. राहीबाईंनी दंडावर कापूस दाबला, वर बघितलं, आणि त्यांना वृषाली दिसली.

“तू तितं का गं उबी? वर ये की.”

“हात लागायला नको म्हणून, आजी.”

ती हे सरळ बोलून गेली. उत्तर म्हणून बोलली. आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती कुठे उभी आहे. याच गोठ्याच्या कडेला तिची आजी उभी राहायची. ताकासाठी यायची, वरून लोटीने ओतलेलं ताक खालून झेलायची, थेंब ओसरीकडे उडू नये म्हणून आणखी दोन पावलं मागे सरायची. आजीला कुणीतरी उभं केलं होतं. ती मात्र आपल्या पायांनी, हुशारीने, नियमाप्रमाणे इथे येऊन उभी राहिली होती. स्वतःला निर्दोष ठरवायला.

राहीबाईंच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी नजर खाली घेतली आणि कापूस गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. सर मात्र नळीवर चिठ्ठी चिकटवण्यात गर्क होते, आणि “छान, छान” म्हणत होते.

निकाल यायला दिवाळी गेली. योगेशने तपासलं, दुसऱ्या खोलीत तपासलं, पाण्याची नळी लावून तपासलं. राहीबाईंची ओळ मधल्या गोलाशी अक्षरन् अक्षर जुळली. तोवर श्रीमंतरावांचा निरोप आला होता, की माझं रक्त मी परत घेतोय, मला त्या चित्रात राहायचं नाही. हा त्यांचा हक्कच होता, आणि वृषालीने विनातक्रार त्यांचा नमुना काढून टाकला. त्यांच्या जागी त्यांच्या आईचा घातला. एका आईच्या ओळीतून एकच माणूस घ्यायचा, हाही नियमच. सरपंच बाहेर पडले, राहीबाई आत आल्या, आणि चित्रात केसाइतकाही फरक पडला नाही. तोच गोल, तेवढाच मोठा, तेच चतकोर. तिला नवा कागदसुद्धा घ्यावा लागला नाही.

सभा पुन्हा भरली. श्रीमंतराव कारखान्याच्या कामाला गेले होते. राहीबाई मात्र आल्या होत्या आणि खुर्ची नको म्हणून सतरंजीवर, साळूबाईच्या शेजारी बसल्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“मागच्या वेळी उपस्थित झालेल्या शंकेचं समाधानकारक निरसन झालेलं आहे,” टेंबेसर म्हणाले आणि चित्राकडे वळले.

“कसली शंका होती, सर?” वृषाली म्हणाली.

“ती आता राहिलेली नाही.”

“कसली होती ते सांगा ना. मागच्या वेळी यांना मराठीत सांगितलं होतं. आताही मराठीत सांगा.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात अवघड प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे ते प्रेमाने पाहायचे, तसं त्यांनी पाहून बघितलं. ते काही जमलं नाही.

“नमुने निर्दोष होते,” ते म्हणाले.

“नमुन्यांना कुणी नाव ठेवलंच नव्हतं. हाताला ठेवलं होतं.”

सरांनी चष्मा काढला. “हिच्या हातामुळे,” ते म्हणाले, थांबले, आणि पुढचं एका दमात म्हणाले, “हिच्या हातामुळे काही बिघडलेलं नव्हतं.”

वृषालीने याच वाक्याची सगळी दिवाळी वाट पाहिली होती. ते ऐकलं की राग उतरेल, असा तिचा हिशेब होता. राग उतरला नाही. उलट तो नीट मांडी घालून बसला. हे वाक्य आपल्याला मागावं लागलं, त्यासाठी एका म्हातारीला तीन ठिकाणी सुई टोचावी लागली, आपल्याला गोठ्याशी उभं राहावं लागलं, आणि हा माणूस आता आपण काहीतरी दिलं अशा चेहऱ्याने चष्मा पुसतोय.

“झालं ना मग?” सर हळूच म्हणाले. “आता पुढच्या बारा गावांचं...”

“पुढची गावं योगेशला सांगा, सर. माझं हे गाव झालं. हे मी माझ्या नावाने लिहिणार. सगळे गोल ठेवून.”

“मला काडायचं काय झालं?” साळूबाई म्हणाली.

“गप बस गं,” राहीबाई म्हणाल्या. तिच्याकडे न बघताच, पण घरातल्या माणसाला म्हणावं तसं. “मी हाय का न्हाई तितं? मी वरडू देती व्हय त्याला?”

लोक हसले, उठले, चहाकडे गेले. वृषालीने खिळ्यावरून चित्र उतरवलं. कागद मोठा होता, एका माणसाला गुंडाळायला अवघड. एक टोक सुटून जमिनीकडे लोंबलं, तसे टेंबेसर लगबगीने पुढे आले आणि ते धरायला वाकले.

“हात नका लावू, सर,” ती म्हणाली.

सर वाकलेलेच राहिले. तिने गुडघा टेकला, सुटलेलं टोक स्वतःच आत घेतलं, गुंडाळी सरळ केली, दोरा बांधला, आणि चपला घालून बाहेर पडली. जीप दारात उभी होती. ती तिसगावच्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.